परवान्याच्या छायेतील कारखाना : शेठ वालचंद हिराचंद, हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि निर्यात-नियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना

५ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तटस्थतेचा जाहीरनामा काढला. युद्धात उतरलेल्या राष्ट्रांची नावे त्यात नमूद करण्यात आली होती : जर्मनी, फ्रान्स, पोलंड, युनायटेड किंगडम, हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड. हिंदुस्थान पारतंत्र्यात असूनही त्याचा उल्लेख ब्रिटनच्या पोटात न करता स्वतंत्रपणे केलेला होता. दोनच दिवस आधी, ३ सप्टेंबरला, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी एकाही हिंदी लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे घोषित केले होते. या घोषणेचे राजकीय परिणाम सर्वपरिचित आहेत. प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांचे राजीनामे, वैयक्तिक सत्याग्रह आणि पुढे 'छोडो भारत' हा क्रम महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतून शिकविला जातो. परंतु त्या घोषणेचा एक कायदेशीर परिणाम अमेरिकेत घडला, त्याकडे मराठी इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. अमेरिकी कायद्यानुसार युद्धरत ठरलेल्या राष्ट्रास शस्त्रे, दारूगोळा व विमाने पाठविणे हा गुन्हा होता. त्यामुळे ज्या दिवशी हिंदुस्थानास विमानांची खरी गरज निर्माण झाली, जवळजवळ त्याच दिवशी अमेरिकेतील विमाने त्याच्यासाठी निषिद्ध ठरली.

या पार्श्वभूमीवर सोलापुरात जन्मलेल्या एका उद्योगपतीने देशातील पहिला विमान कारखाना उभारण्याचा घाट घातला. शेठ वालचंद हिराचंद आणि बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी यांची कथा सामान्यतः दोन प्रकारे सांगितली जाते. एका कथनात ती स्वदेशी साहसाची गाथा ठरते, तर दुसऱ्यात परकीय सरकारने हिंदी भांडवलाकडून कारखाना हिरावून घेतल्याची तक्रार असते. दोन्ही कथनांत तथ्य आहे. मात्र दोन्हींतही एक घटक अनुल्लेखित राहतो, तो म्हणजे परवाना. भांडवल, जमीन, वीज आणि मनुष्यबळ या चारही गोष्टी हिंदुस्थानात मिळू शकत होत्या. आराखडे, इंजिने आणि मशीन टूल्स यांवर मात्र वॉशिंग्टनचे कुलूप होते, आणि ते कुलूप खासगी हिंदी माणसाच्या हाताने उघडणारे नव्हते. १९४२ मधील सरकारीकरणाचा अर्थ या कुलपाच्या संदर्भात तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सोलापूरची पार्श्वभूमी

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. सौराष्ट्रातून महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेले त्यांचे दोशी घराणे दिगंबर जैन असून कापसाचा व्यापार व सावकारी हे त्याचे परंपरागत व्यवसाय होते. वालचंद यांनी पेढीवर बसण्याऐवजी रेल्वेच्या ठेकेदारीचा मार्ग धरला आणि लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून आरंभ केला. पुढे बांधकाम, साखर आणि जहाजवाहतूक असा त्यांचा विस्तार होत गेला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ते एक प्रमुख संस्थापक होते. त्या कंपनीचे 'एस. एस. लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाले आणि तोच दिवस पुढे राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. ठेकेदारी आणि जहाजवाहतूक हे दोन्ही व्यवसाय सरकारी अनुमतीवर चालणारे होते. निविदा, मोजमापे, बिले, मार्गांचे हक्क आणि दरांचे करार यांतच वालचंद यांची उमेदवारी गेली. सरकारी कागद कोणत्या टेबलावर अडतो व तो कसा हलवावा लागतो याचे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालेले नव्हते. त्यांच्या चरित्रकारांनी त्यांच्या धाडसावर भर दिला आहे. कागदाच्या या शिक्षणाकडे त्यामानाने दुर्लक्ष झाले आहे.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेस गेले ते मोटारींच्या कारखान्यासाठी. या प्रवासात विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी पडली. पॉली हे न्यूयॉर्कच्या इंटरकॉन्टिनेंट कॉर्पोरेशनचे प्रमुख होते आणि चीनमध्ये त्यांनी 'सेंट्रल एअरक्राफ्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी', म्हणजेच 'कॅम्को', चालविली होती. जपानी आक्रमणामुळे तिचे स्थान हांगचौहून हांकौ आणि तेथून ब्रह्मदेशाच्या सीमेवरील लोइविंग असे सरकत गेले होते. चीनमध्ये जे होऊ शकते ते हिंदुस्थानात का होऊ नये, या प्रश्नातून पुढील सर्व घडले.

वॉशिंग्टनचे कायदे

पॉली यांच्याजवळ विमानांच्या आराखड्यांइतकीच मोलाची दुसरी एक गोष्ट होती. अमेरिकेतून युद्धसामग्री कायदेशीरपणे बाहेर कशी काढावी याचा त्यांना अनुभव होता. त्याचे महत्त्व समजण्यासाठी अमेरिकी कायद्याची वाटचाल थोडी विस्ताराने पाहावी लागते.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशी समजूत बळावली की, शस्त्रविक्रेत्या कारखानदारांच्या नफेखोरीमुळे देश युद्धात ओढला गेला. सिनेटच्या चौकशी समितीने १९३४ पासून या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि ३१ ऑगस्ट १९३५ रोजी तटस्थता कायदा संमत झाला. या कायद्याने दोन गोष्टी केल्या. युद्धरत राष्ट्रांना शस्त्रविक्रीची बंदी ही त्यांतील प्रसिद्ध गोष्ट. दुसरी कमी प्रसिद्ध, परंतु अधिक टिकाऊ ठरली. शस्त्रे बनविणाऱ्या, आयात करणाऱ्या व निर्यात करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने परराष्ट्र खात्याकडे नोंदणी करावी, आणि देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक मालासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा, असा दंडक घालण्यात आला. शांततेच्या काळातही कायमस्वरूपी चालणारी अशी व्यवस्था अमेरिकेत प्रथमच निर्माण झाली. विमाननिर्मिती कंपन्यांत आज निर्यात-कायद्याच्या पालनासाठी जे स्वतंत्र विभाग असतात, त्यांचे मूळ या नोंदणीवहीत आहे.

कशाला युद्धसामग्री म्हणावे हे ठरविण्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या जाहीरनाम्याने वर्गवार यादी दिली. लढाऊ विमाने एका वर्गात आणि इतर विमाने, त्यांचे सांगाडे, पंख, चाके व इंजिने दुसऱ्या वर्गात, अशी विभागणी तीत होती. म्हणजे शस्त्र नसलेले शिकाऊ विमान अथवा नुसते इंजिनही परवान्याविना बंदर सोडू शकत नव्हते.

कायद्याच्या जोडीला शिष्टाईचे दडपणही होते. १ जुलै १९३८ रोजी परराष्ट्र खात्याने विमाने व त्यांचे भाग बनविणाऱ्यांना पत्र पाठवून कळविले की, नागरी वस्तीवर बाँब टाकणाऱ्या राष्ट्रांना विमाने विकणे सरकारला पसंत नाही. राष्ट्राचे नाव पत्रात नव्हते, पण रोख जपानकडे होता हे सर्वांना उमगले. ही 'नैतिक निर्यातबंदी' कायद्याने बंधनकारक नव्हती, तरी कारखानदारांनी ती बहुतांशी पाळली. चीन व जपान यांनी परस्परांविरुद्ध औपचारिक युद्ध पुकारलेले नव्हते. त्याचा आधार घेऊन रूझवेल्ट यांनी तेथे तटस्थता कायदा लागूच केला नाही, आणि पॉली यांच्या कॅम्कोला माल मिळत राहिला. हिंदुस्थानला ही सवलत नव्हती. व्हाइसरॉयांच्या घोषणेने तो अधिकृतपणे युद्धरत झालेला होता.

४ नोव्हेंबर १९३९ रोजी कायद्यात दुरुस्ती होऊन संपूर्ण बंदी उठली आणि रोख पैसे देऊन माल स्वतःच्या जबाबदारीवर नेण्याची मुभा युद्धरत राष्ट्रांना मिळाली. नोंदणी व परवाना मात्र कायम राहिले. त्यानंतर २ जुलै १९४० रोजी अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय संरक्षणविषयक कायदा केला. त्याच्या सहाव्या कलमान्वये राष्ट्राध्यक्षांना संरक्षणास आवश्यक अशा कोणत्याही मालाची निर्यात रोखण्याचा अधिकार मिळाला आणि त्याच दिवशीच्या जाहीरनाम्याने ॲल्युमिनियमसारखे धातू, विमानांचे सुटे भाग आणि धातुकामाची मशीन टूल्स नियंत्रणाखाली आली. निर्यात-नियंत्रणाचा प्रशासक म्हणून लष्करातील अधिकारी रसेल मॅक्सवेल यांची नेमणूक झाली. फ्रान्सचा नुकताच पाडाव झाला होता आणि अमेरिका स्वतःच्या शस्त्रसज्जतेसाठी प्रत्येक लेथ व मिलिंग मशीन मोजून ठेवीत होती.

वालचंद यांची योजना आकार घेत होती ती नेमकी याच महिन्यांत. योजनेस लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक परदेशी वस्तूचा उल्लेख आता अमेरिकेच्या कोणत्या ना कोणत्या यादीत होता. विमानांचे भाग व इंजिने पहिल्या कायद्याखाली, मशीन टूल्स व ॲल्युमिनियमचे पत्रे दुसऱ्या कायद्याखाली. शिवाय अमेरिकेतील युद्धखरेदी एकसूत्री करण्यासाठी ब्रिटनने नोव्हेंबर १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे खरेदी मंडळ स्थापन केले होते. लंडनची संमती नसलेल्या हिंदी मागणीला त्या गर्दीत अग्रक्रम मिळण्याची शक्यता नव्हती. लंडनमधील विमाननिर्मिती खात्याचा ओढा अर्थातच ब्रिटनमधील कारखान्यांकडे होता. अमेरिकी यंत्रे हिंदुस्थानकडे वळविणे त्याला अपव्यय वाटत होते. इकडे दिल्लीत भारत संरक्षण नियमांखाली विदेशी चलनावर युद्धारंभापासून आणि आयातीवर मे १९४० पासून नियंत्रण आले होते. डॉलर हवे असतील तर सरकारचा होकार हवा, आणि सरकारचा होकार हवा असेल तर योजना युद्धोपयोगी ठरली पाहिजे, असा हा पेच होता. मोटार कारखान्याच्या बाबतीत वालचंद यांना हा होकार मिळाला नाही. मोटारींचा युद्धप्रयत्नांशी संबंध सरकारला पटला नाही, विमानांचा पटला. एकाच उद्योगपतीच्या दोन योजनांना एकाच काळात मिळालेली ही भिन्न उत्तरे परवाना-व्यवस्थेचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करतात.

बंगळूर येथील उभारणी

म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन व वीज यांसह संस्थानचे भांडवल देऊ केल्याने कारखान्याची जागा बंगळूर ही निश्चित झाली. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेडची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल चार कोटी रुपये होते आणि वालचंद अध्यक्ष झाले. हिंदुस्थान सरकारने प्रथम खरेदीदार म्हणून व १९४१ च्या वसंत ऋतूपर्यंत २५ लाख रुपयांची गुंतवणूक करून एक-तृतीयांश भागीदार म्हणून कंपनीत प्रवेश केला. उभारणीची तांत्रिक जबाबदारी पॉली यांच्या इंटरकॉन्टिनेंटकडे होती. जपानी विमानांनी २६ ऑक्टोबर १९४० रोजी लोइविंगच्या कारखान्यावर बाँबहल्ला केल्यानंतर पॉली यांनाही हिंदुस्थानातील सुरक्षित जागेचे महत्त्व अधिकच जाणवले असावे.

प्रथम हाती घेतलेले विमान म्हणजे हार्लो पी.सी.-५ हे शिकाऊ विमान. याच्या पूर्वजाची जन्मकथा महाविद्यालयीन अध्यापकांना रोचक वाटेल. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना ज्युनिअर कॉलेजात मॅक्स हार्लो हे अध्यापक होते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गातील प्रकल्प म्हणून मूळ विमान बांधले होते. १९४१ च्या मध्यावर हार्लो विमान बंगळूरच्या आकाशात उडाले. त्यानंतर कर्टिस हॉक या लढाऊ विमानांची पाळी आली. सरकारने ४८ हॉक विमानांची मागणी नोंदविली होती. पहिले हॉक ३१ जुलै १९४२ रोजी उडाले आणि एकूण पाच विमाने पूर्ण झाल्यावर ते काम सोडून देण्यात आले. तांत्रिक इतिहासात या पाच विमानांना तळटीपेपेक्षा मोठी जागा मिळणार नाही. परंतु कारखान्यात विमानविद्या जाणणारे हिंदी तंत्रज्ञ तयार झाले. कोल्हापूरजवळच्या हसूर येथे जन्मलेले आणि गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे हे त्यांतील अग्रणी होत. त्यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले एच.टी.-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडाले.

पॉली यांच्याविषयी आणखी एक नोंद येथे करावयास हवी. १९४१ मध्ये चीनच्या मदतीसाठी अमेरिकी वैमानिकांचे 'फ्लाइंग टायगर्स' पथक उभे राहिले. अमेरिकी नागरिकांनी परकीय सैन्यात भरती होणे कायद्यास मान्य नव्हते. म्हणून या वैमानिकांचे व यंत्रज्ञांचे करार कॅम्को कंपनीशी करण्यात आले. कागदोपत्री ते एका विमान कारखान्याचे कर्मचारी होते. कायद्याचे शब्द तंतोतंत पाळून त्याचा हेतू बाजूस ठेवण्याचे हे उदाहरण आहे आणि त्यास खुद्द अमेरिकी शासनाची मूक संमती होती. तटस्थतेचा कायदा कोणासाठी लवतो व कोणासाठी ताठ राहतो हे समजण्यास त्याचा उपयोग होतो.

२ एप्रिल १९४२

७ डिसेंबर १९४१ नंतर सर्व चित्र पालटले. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले. २ एप्रिलला हिंदुस्थान सरकारने वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग भरपाई देऊन विकत घेतल्याचे आणि कंपनी सरकारच्या ताब्यात आल्याचे जाहीर केले. म्हैसूर संस्थानाने आपले भाग विकले नाहीत. फक्त व्यवस्थापनावरील हक्क सोडला. चारच दिवसांनी, ६ एप्रिलला, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. वालचंद यांच्याच पुढाकाराने सिंदिया कंपनीची गोदी तेथे उभी राहत होती आणि तिची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते २१ जून १९४१ रोजी बसविण्यात आली होती. एका आठवड्यात वालचंद यांचा एक उद्योग हातातून गेला आणि दुसरा शत्रूच्या माऱ्याखाली आला.

सरकारीकरणाचे स्पष्टीकरण सामान्यतः युद्धनिकडीच्या आधारे दिले जाते. राष्ट्रवादी लेखक त्यात हिंदी भांडवलाविषयीची वसाहतवादी असूया पाहतात. असूया नव्हती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु असूया १९४० मध्येही होतीच. मग कारखाना प्रथम उभारू का दिला व अवघ्या सोळा महिन्यांत का काढून घेतला, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. या ठिकाणी ११ मार्च १९४१ रोजी अमेरिकेत संमत झालेल्या 'लेंड-लीज' कायद्याकडे पाहणे उद्बोधक ठरते. या कायद्याने अमेरिकी युद्धसामग्रीच्या पुरवठ्याचे स्वरूप मुळातून बदलले. रोखीने खरेदी करणारा ग्राहक मागे पडला आणि सरकारने सरकारला माल देण्याची पद्धत रूढ झाली. कायद्याचे चौथे कलम विशेष महत्त्वाचे आहे. मिळालेल्या सामग्रीची मालकी किंवा ताबा परकीय सरकारने अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या संमतीशिवाय इतरांना देऊ नये, तसेच त्या सरकारचा अधिकारी, कर्मचारी अथवा प्रतिनिधी नसलेल्या कोणासही ती वापरू देऊ नये, अशी अट प्रत्येक करारात घालणे या कलमाने सक्तीचे केले.

आता बंगळूरच्या कारखान्याची स्थिती या कलमाच्या प्रकाशात पाहावी. इंजिने, सुटे भाग, धातूचे पत्रे, यंत्रे हे सर्व यापुढे लेंड-लीजच्या वाटेने येणार होते. ते ज्या छपराखाली ठेवावयाचे त्या कंपनीचे मोठे भागधारक खासगी व्यक्ती होत्या. त्या सरकारच्या अधिकारी नव्हत्या, कर्मचारी नव्हत्या, आणि त्यांना प्रतिनिधी म्हणावे तर नफ्याचा प्रश्न उभा राहत होता. अमेरिकी करदात्याने उसने दिलेल्या मालावर मुंबईच्या भागधारकांनी लाभांश घ्यावा काय, या प्रश्नाला वॉशिंग्टनमध्ये सोयीचे उत्तर नव्हते. सरकारी मालकी हे त्यावरील सर्वांत सोपे उत्तर होते. सरकारीकरणाचे हे एकमेव कारण होते, असा दावा करणे धाडसाचे ठरेल. जपानी आघाडीची निकड, उत्पादनाऐवजी दुरुस्तीवर भर देण्याचा निर्णय आणि हिंदी उद्योगपतींविषयीचा अविश्वास यांचाही त्यात वाटा होता. मात्र १९४० मध्ये ज्या खासगी कंपनीला परवाना मिळू शकत होता, तिच्यासाठी १९४२ मध्ये पुरवठ्याचा मार्गच कायद्याने अरुंद झाला होता, हा बदल दुर्लक्षिण्याजोगा नाही. वालचंद यांच्या पराभवात दिल्ली व लंडनइतकाच वॉशिंग्टनच्या या कलमाचाही हात होता, असे म्हणण्यास जागा आहे.

१९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या उपयोगासाठी देण्यात आला आणि तो ८४ वा हवाई डेपो म्हणून ओळखला जाऊ लागला. कॅटलिना उडत्या नौकेपासून आरंभ करून हिंदुस्थान-ब्रह्मदेश आघाडीवरील नाना प्रकारच्या विमानांची दुरुस्ती तेथे झाली. निर्यात-परवान्याची अडचण आता उरली नव्हती, कारण निर्यातदार स्वतःच कारखान्यात येऊन बसला होता!

यादीतील दोन नावे

युद्धानंतर कारखाना हिंदी नियंत्रणाखाली परत आला व १ ऑक्टोबर १९६४ रोजी झालेल्या विलीनीकरणातून हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड ही कंपनी अस्तित्वात आली. वालचंद यांचे निधन ८ एप्रिल १९५३ रोजीच झालेले होते. त्यांच्या नावाचा दुसरा उद्योग मात्र सोलापूर जिल्ह्याच्या सीमेलगत, नीरा नदीच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे वाढत होता. उसाच्या मळ्यांतून साखर कारखाना, साखर कारखान्यातून साखरेच्या यंत्रांची निर्मिती, आणि १९७० च्या दशकापासून अंतराळ व अणुऊर्जा कार्यक्रमांसाठी जड अभियांत्रिकी अशी त्याची वाटचाल झाली. भारतीय अग्निबाणांच्या घनइंधन मोटारींची कवचे येथे तयार होऊ लागली.

दरम्यान लेंड-लीजच्या चौथ्या कलमातील कल्पना अमेरिकी कायद्यात स्थिरावली होती. १९७६ च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याने, दिलेली सामग्री तिसऱ्याकडे देण्यास राष्ट्राध्यक्षांची पूर्वसंमती आवश्यक ठरविली. तिचा फटका भारतास लवकरच बसला. १९७८ मध्ये स्वीडनचे व्हिगेन विमान भारतास विकण्याच्या प्रस्तावास अमेरिकेने संमती नाकारली. विमान स्वीडनचे असले तरी त्याचे इंजिन अमेरिकी आराखड्यावर आधारलेले होते. मे १९९२ मध्ये रशियाच्या ग्लावकॉसमॉस संस्थेबरोबरील क्रायोजेनिक इंजिनांच्या करारामुळे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेवर दोन वर्षांचे निर्बंध आले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचे थांबविले.

मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने नोव्हेंबर १९९८ मध्ये भारत व पाकिस्तानमधील संस्थांची एक दीर्घ यादी प्रसिद्ध केली. यादीतील संस्थेस अमेरिकी माल पाठवावयाचा तर विशेष परवाना लागे, आणि तो नाकारला जाईल हेच गृहीत असे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे अनेक विभाग या यादीत होते. गोदरेज, लार्सन अँड टुब्रो यांच्या काही विभागांबरोबर वालचंदनगर इंडस्ट्रीजचेही नाव तीत होते. १९४० मध्ये ज्यांच्या उद्योगाने अमेरिकी परवान्याच्या दारात उभे राहून अर्ज केला, त्यांच्याच दोन्ही निर्मितींची नावे ५८ वर्षांनंतर त्या दारावर निषिद्ध म्हणून लावली गेली. या वेळी बंगळूरमध्ये तेजस या हलक्या लढाऊ विमानाचे काम चालू होते. त्याच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले आणि जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनांचा पुरवठा थांबला. तरीही ४ जानेवारी २००१ रोजी तेजस उडाले.

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेने हे निर्बंध उठविले. यादीतील नावे १९९९ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने वगळली जात होती; अंतराळ व संरक्षण संशोधन क्षेत्रांतील उरलेल्या संस्था जानेवारी २०११ मध्ये मुक्त झाल्या. मधल्या काळात साध्या झडपा व मोजमापाची उपकरणे यांसाठीही अन्य मार्ग शोधावे लागले. या काळात देशी कारखान्यांची क्षमता वाढली हे खरे. पण त्यामुळे निर्बंध हे वरदानच होते असे म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती गमावलेल्या वर्षांचा हिशेब करीत नाही.

नियंत्रित राष्ट्राचे नियंत्रक होणे

या इतिहासाचे अखेरचे वळण असे की, ज्या भारताने ही व्यवस्था बाहेरून सोसली, तोच आता ती आतून चालवितो. भारत संरक्षण नियमांखालील युद्धकालीन नियंत्रणे १९४७ च्या आयात-निर्यात (नियंत्रण) कायद्यात उतरली आणि त्या कायद्याची जागा १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याने घेतली. २००४ मधील संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १५४० व्या ठरावानंतर भारताने २००५ मध्ये महासंहारक शस्त्रे व त्यांच्या वाहक प्रणाली यांविषयीचा कायदा केला. 'स्कोमेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यादीत अवकाश व विमान प्रणाली, युद्धसामग्री आणि दुहेरी उपयोगाच्या वस्तू यांचे वर्ग आहेत. १९३७ च्या अमेरिकी जाहीरनाम्यातील वर्गवारीशी तिचे साम्य सहज लक्षात येते. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटाचा आणि डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार गटाचा सदस्य झाला.

बहुराष्ट्रीय संरक्षण कंपन्यांसाठी सुटे भाग बनविणाऱ्या भारतीय कारखान्यास आज दोन देशांच्या कायद्यांचे एकाच वेळी पालन करावे लागते. आलेला आराखडा कोणत्या यादीत मोडतो, तो कोणत्या कर्मचाऱ्याने पाहिला, तयार माल कोणाकडे व कशासाठी जातो, याच्या नोंदी ठेवणे आवश्यक असते. येथे आराखडा हीच निर्यात ठरते. पेटी बंदरातून जावीच लागते असे नाही. २००७ मध्ये रात्रदृष्टी उपकरणांची तांत्रिक माहिती परवान्याविना परदेशी पाठविल्याबद्दल आय.टी.टी. या अमेरिकी कंपनीस १० कोटी डॉलर भरावे लागले, तेव्हापासून या नोंदींचे गांभीर्य मोठ्या कंपन्यांना अधिक प्रकर्षाने जाणवू लागले.

जुलै २००९ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात सामग्रीच्या अंतिम वापराच्या तपासणीविषयी सहमती झाली. संसदेत त्यावर सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावरून टीका झाली; १९४१ च्या चौथ्या कलमाचे वंशज असलेले कलम मात्र करारात राहिले. जून २०२३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक व हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांनी एफ-४१४ इंजिने भारतात बनविण्याविषयीचा सामंजस्य करार जाहीर केला. त्यासाठीही अमेरिकी शासनाची निर्यात-अनुमती आवश्यक होती. ३१ जुलै १९४२ रोजी बंगळूरहून उडालेल्या पहिल्या हॉक विमानात अमेरिकेच्या राइट कंपनीचे सायक्लोन इंजिन बसविलेले होते.